सहाशे साचे
(ग्रंथालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. नवे पुस्तक हातात आले की ते मुखपृष्ठ उलटून आधी मुद्रकाचे नाव शोधत, आणि दाखल नोंदवहीत लेखक-प्रकाशकांच्या शेजारी छापखान्याचे नावही लिहून ठेवत. नियमात तसे काही नव्हते. संयोजकांनी मला पुस्तकांच्या आणि भाषेच्या नवलकथा सांगायला बोलावले, तेव्हा त्या नोंदवहीला शोभेल अशी एकच कथा घ्यावी असे ठरवले: मराठी अक्षर शिशात कसे उतरले. अभिजात दर्जाचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला तेव्हा आपण भाषेच्या वयावर भरपूर बोललो. ताम्रपट आले, शिलालेख आले, गाथासप्तशती आली. छापील अक्षराचे नाव मात्र कुणी काढले नाही. ते आपल्याला हवा-पाण्यासारखे आपोआप मिळाले, असाच आपला समज असतो.

ही कथा सुरू होते गोव्यात, आणि सुरू होते ती एका अडचणीने.

१५५६ साली एक छापखाना जहाजातून गोव्याला उतरला. खरे तर तो ॲबिसिनियाला जायचा होता. पुढचा प्रवास बारगळला आणि यंत्र गोव्यातच राहिले. हिंदुस्थानातला हा पहिला छापखाना. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. इथली भाषा तो इतकी शिकला की ख्रिस्ताची कथा त्याने ओवीत लिहिली, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. तेच ‘क्रिस्तपुराण’, १६१६ मध्ये रायतूरला छापलेले. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेच्या पुस्तकातून आपल्या सगळ्यांच्या कानांवरून गेल्या आहेत. पण हे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. ज्या भाषेला त्याने रत्नांच्या पंक्तीत बसवले, तिला स्वतःची अक्षरे काही त्याला देता आली नाहीत.

त्याची इच्छा नव्हती असे नाही. १६०८ साली त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना एक पत्र पाठवले. इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापण्याची इच्छा फार दिवसांची आहे, असे त्यात तो सांगतो आणि अडचणही सांगतो. आपल्याकडे चोवीस अक्षरांत काम भागते; इथे प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अख्खा उच्चार, त्यामुळे साचेच सहाशेपर्यंत करावे लागतील.

सहाशे. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठी मुद्रणाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या आकड्याशी घातलेली झटापट आहे. आणि माझे म्हणणे एवढेच आहे की या झटापटीत वाद पंडितांनी घातले, समित्या विद्वानांच्या झाल्या, पण निकाल लावला तो कानस हातात असलेल्या माणसांनी. तांबट, लोहार, भंडारी, छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, घासायला लागलेली दहा वर्षांची पोरे, यांनी.

सहाशेचा धाक नुसता पाद्र्यांनाच होता असे नाही. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ईस्ट इंडिया कंपनीकडे छापखान्याची मागणी केली. ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापायचे असा त्याचा मानस होता. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत आला, वर्षाला पन्नास पौंड पगारावर. आला तेव्हा कळले की याला छापता येते, अक्षरे ओतता येत नाहीत! भीमजीने मग आपल्याच माणसांना कामाला लावले आणि त्यांनी ‘बनिया’ लिपीत काही छापूनही दाखवले, असे सुरतेच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी विलायतेला कळवले. त्यातला एकही कागद आपल्यापर्यंत पोचलेला नाही. पैसा होता, यंत्र होते, इच्छा होती. अडले ते अक्षर कापणाऱ्या हातापाशी.

दुसरी गोष्ट पुण्याची. इंग्रज रेसिडेंट मॅलेट पुण्यात असताना त्याच्या उत्तेजनाने एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे उलटी कोरायला शिकला. नाना फडणविसांनी त्याच्याकडून गीता छापून घ्यायचा घाट घातला. लेखक नेमून हस्तलिखित पोथ्या ब्राह्मणांना वाटण्यापेक्षा हे बरे, असा त्यांचा हिशेब असावा; नानांचा हिशेब सहसा चुकत नसे. मार्च १८०० मध्ये नाना गेले आणि पुण्यात त्या कामाला कुणी वाली उरला नाही. तांबट मिरजेला गेला, पटवर्धनांच्या आश्रयाला. १८०५ मध्ये तिथे ती गीता छापून झाली. इथे सहाशेचा प्रश्न त्याने सोडवला नाही, टाळला: साचे नाहीत, खिळे नाहीत, प्रत्येक पान म्हणजे अखंड कोरलेला पत्रा. सातशे श्लोकांपुरते हे जमते. वर्तमानपत्र असे निघत नाही.

खरा तोडगा निघाला बंगालमध्ये. १७७८ मध्ये हुगळीला हॅल्हेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्यासाठी चार्ल्स विल्किन्सने बंगाली अक्षरे तयार केली आणि त्याच्या हाताखाली पंचानन कर्मकार नावाचा लोहार हे काम शिकला. पुढे हाच पंचानन श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यात आला आणि देवनागरीचे ठसे कापू लागला. त्याच्यानंतर त्याचा जावई मनोहर. आपल्या भाषेचे देवनागरीत छापलेले पहिले व्याकरण, कॅरीचे १८०५चे, या लोहारांच्या अक्षरांतून आले. मजकुराला मदत नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांची.

हे ठसे कापणे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. त्यात शिरल्याशिवाय सहाशे या आकड्याचे वजन कळत नाही.

पोलादाची बोटभर कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर उलटे काढायचे. ‘क’ची बाहेरची गोलाई कानशीने घासून निघते, पण आतल्या पोकळीत कानस शिरत नाही. म्हणून आधी त्या पोकळीच्याच आकाराचा दुसरा एक ठसा करायचा, तो कडक करून पहिल्या कांडीच्या टोकात ठोकायचा, आणि मग बाहेरून घासत घासत आत यायचे. मधूनमधून टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचे. काजळी चढली की कागदावर टेकवून पाहायचे. वेलांटीचा बाक केसभर जाड दिसला तर पुन्हा कानस. केसभर जास्त घासला गेला तर कांडी फेकायची आणि पहिल्यापासून सुरुवात. मनासारखे झाले की पोलादाला पाणी पाजायचे आणि तांब्याच्या तुकड्यावर घण मारून अक्षर खोल उमटवायचे. ही मातृका. ती साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचा रस ओतला की निघतो खिळा. ठसा उलटा, मातृका सुलटी, खिळा उलटा, कागदावर पुन्हा सुलटे. एका अक्षराच्या चार कोलांट्या.

हे सहाशे वेळा करायचे. एका आकारासाठी. आकार बदलला, लहान टाईप हवा झाला, की पुन्हा सहाशे.

श्रीरामपूरच्या छापखान्याला ११ मार्च १८१२च्या संध्याकाळी आग लागली. कागद गेला, कित्येक भाषांचे खिळे वितळून गोळा झाले, कॅरीच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळाले. पण राखेखाली पोलादी ठसे आणि मातृका सापडल्या. शिशाचे गोळे पुन्हा वितळवून खिळे ओतायला लगेच सुरुवात झाली आणि काही महिन्यांत एकेक भाषा परत छापायला लागली. हस्तलिखित पुन्हा लिहिले गेले नाही. विद्वानाचे काम आगीत गेले, लोहाराचे टिकले. विल्किन्सचाही अनुभव असाच: विलायतेला परतल्यावर त्याने घरीच नागरी अक्षरे केली, १७९५ मध्ये घराला आग लागली, खिळे गेले, ठसे आणि मातृका बऱ्याचशा वाचल्या, त्याचे संस्कृत व्याकरण निघायला १८०८ उजाडले.

आता मोडीकडे येतो, कारण तिथे माझे मत प्रचलित मतापेक्षा थोडे वेगळे आहे.

कॅरीचे व्याकरण देवनागरीत निघाले, पण १८१०चा त्याचा मराठी कोश मोडीत छापलेला आहे. श्रीरामपुरात मोडीचेही ठसे कापले गेले होते, आणि त्यांतून पुढेही मराठी पुस्तके निघाली. तेव्हा मोडी छापता येत नाही म्हणून गेली, हे म्हणणे तितकेसे खरे नाही. छापता येत होती. मग ती मागे का पडली? सरकारने बाळबोध, म्हणजे देवनागरी, उचलून धरली, शाळा खात्याची पुस्तके बाळबोधीत निघाली, १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारातही बाळबोध पुढे केली, ही कारणे आहेतच. मला वाटते त्याच्याही मुळाशी एक कारण आहे. मोडीचा सगळा गुण हाताच्या वेगात. आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग लेखणी न उचलता ओळ संपवायची. काना वर जाताना पुढचे अक्षर धरून येतो. हा वेग खिळ्यात उतरत नाही. खिळ्याला हात नसतो. प्रत्येक अक्षर सुटे, आपापल्या शिशाच्या अंगावर उभे. म्हणजे मोडी छापली की तिचा फायदा सगळा जातो आणि वाचायला अवघड असण्याचा तोटा तेवढा उरतो. बाळबोधीचे उलटे: ती लिहायला संथ, पण छापखान्यात लिहिण्याचा संथपणा मोजायला कोण बसले आहे? दरबारात मोडीने बाळबोधीला शतकानुशतके मागे ठेवले होते. शिशाने तो क्रम उलटवला.

मुंबईत मधल्या काळात एक पळवाट सापडली होती, शिळाछापाची. खास शाईने कागदावर लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि दगडावरून छापायचे. ठसे नको, मातृका नको, सहाशेचे नावच नको. सुंदर हस्ताक्षराचा लेखक असला की पोथी तयार. म्हणून आपली जुनी छापील पोथी हस्तलिखितासारखी दिसते: आडवी पाने, सुटी, शेंदरी समास. वाचणाऱ्याला ओळखीचे वाटावे हाही हेतू होताच, कारण छापील कागदाला हात लावायला सोवळ्यातली माणसे धजत नसत. छापाच्या शाईत चरबी असते असा समज. गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे तंत्र पाहिले आणि १८३१च्या सुमारास स्वतःचा शिळाछाप थाटला. त्यांनी धर्मग्रंथांसाठी तूप घालून शाई केली असे सांगतात. पंचांग छापले तेही त्यांनीच. छापील पंचांगावर मुहूर्त पाहणे पाप की पुण्य यावर त्या काळी केवढी चर्चा झाली असेल! पण पंचांग खपले, आणि जो माणूस छापील पंचांगावर लग्न लावतो तो छापील पोथीला फार दिवस नाही म्हणू शकत नाही.

खिळ्यांच्या बाजूने काम चालू होते अमेरिकन मिशनमध्येच. सुरुवातीची त्यांची अक्षरे बोजड, पानात मजकूर मावायचा नाही. थॉमस ग्रॅहॅम या कारागिराने ती लहान आणि नेटकी केली. याच छापखान्यात १८५०च्या आगेमागे एक पोरगा खिळे घासायच्या कामाला लागला. वय दहाच्या आसपास, वडील वारलेले, शाळा जवळजवळ नाहीच. नाव जावजी दादाजी चौधरी.

जावजींवर इथे थोडा रेंगाळतो, कारण या गोष्टीचा नायक कोणी असेल तर तो हा माणूस. खिळा ओतून निघाला की त्याच्या कडेला शिशाची धार राहते. ती घासली नाही तर अक्षरे एका रेषेत बसत नाहीत. ते काम करता करता त्यांनी खिळा आतून-बाहेरून पाहिला. पुढे एक-दोन छापखान्यांत अनुभव घेऊन १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कापायला त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू. या राणोजींचे नाव आज किती जणांना माहीत आहे? आणि तरी मी छातीठोकपणे सांगतो, या सभागृहातल्या प्रत्येकाने त्यांच्या हातचे अक्षर वाचलेले आहे, निदान त्याची नक्कल तरी.

निर्णयसागरची अक्षरे देशभर गेली. काशी-जयपूरच्या पंडितांनी संस्कृत ग्रंथ मुंबईला छापायला पाठवावेत, असा दबदबा. १८८६ पासून जयपूरच्या पंडित दुर्गाप्रसादांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली. संस्कृत साहित्याच्या अभ्यासकाचे तिच्याशिवाय आजही चालत नाही. शाळा न शिकलेल्या माणसाच्या छापखान्यात भारतभरच्या शास्त्र्यांचे मजकूर शुद्ध छापले जात होते. १८९२ मध्ये जावजी गेले.

याचा एक लांबचा परिणाम सांगण्यासारखा आहे. उत्तरेकडच्या जुन्या पुस्तकांतले अ, झ आणि ण आठवा: तो ‘अ’ आपल्याला चटकन ओळखूही येत नाही आणि ‘ण’ तर ‘रा’सारखा दिसतो. मुंबई वळणाचे अ, झ, ण वेगळे. स्वातंत्र्यानंतर हिंदीसाठी प्रमाण देवनागरी ठरली तेव्हा ही मुंबई वळणाची अक्षरे घेतली गेली. आज लखनौचे मूल जो ‘अ’ गिरवते तो आपल्याकडचा आहे. पण ल आणि श मात्र त्यांनी आपले ठेवले, दांडीचा ल आणि त्यांच्या वळणाचा श. पुढे संगणक आला, तो हिंदीचे वळण घेऊन आला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत, पाट्यांवर तिकडचे ल, श दिसू लागले. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाला निर्णय काढावा लागला की मराठीतले ल आणि श कसे लिहायचे. तीन अक्षरे देऊन दोन घेतली, असा हा व्यवहार. शासन निर्णयाने तो फिरला असे मला अजून तरी पाट्यांवर दिसत नाही.

आता पुन्हा सहाशेकडे. चांगली अक्षरे झाली, पण खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे हाल संपले नाहीत. इंग्रजीचा जुळारी खिळ्यांच्या दोन केसींत काम भागवी, मराठीचा चार केसींच्या मध्ये उभा. ‘मूर्तींनी’ एवढा शब्द घ्या. म, त्याखाली दीर्घ उकार. मग त, त्याच्या काना-वेलांटीवर रफार, त्यावर अनुस्वार. वेलांटी, रफार आणि अनुस्वार या तिघांचे मिळून एक वेगळे चिन्ह ओतावे लागते, कारण तीन सुटे खिळे एकमेकांच्या डोक्यावर उभे राहत नाहीत. शिवाय मात्रेचे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते आणि शेजारच्या अक्षरावर टेकते. यंत्राचा दाब पडला की ते नाजूक टोक तुटते. जुन्या पुस्तकात अनुस्वार गळालेला दिसला की आपण मुद्रितशोधकाला नावे ठेवतो. पुष्कळदा बिचाऱ्याने तो तपासलेला असतो; पाचशेव्या प्रतीला शिसे तुटलेले असते.

इथे सुधारकांचा प्रवेश होतो. लोकमान्यांनी ‘केसरी’ चालवता चालवता खिळ्यांच्या संख्येत लक्ष घातले. गीतेवर लिहिणारा माणूस वेलांटीच्या लांबीवरही विचार करत होता. त्यांच्या प्रयत्नांतून पुढे १९० खिळ्यांचा संच तयार झाला, ‘टिळक टाईप’ म्हणून तो ओळखला जातो. १९१८-१९ मध्ये खटल्यासाठी विलायतेला गेले तेव्हाही यांत्रिक जुळणीत देवनागरी कशी बसेल याची विचारपूस त्यांनी केली. सहाशेवरून १९० ही मोठी मजल. सावरकरांनी तर मुळालाच हात घातला: इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे हवीतच कशाला, अ लाच वेलांटी-उकार लावा. अि, अी, अु, अू. ‘किर्लोस्कर’ मासिकाने हे वळण वर्षानुवर्षे चालवले. त्या मासिकाचे जुने अंक चाळताना अजूनही क्षणभर ठेच लागते, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात काही चूक आहे असे सांगता येत नाही. तरीही ते टिकले नाही. समित्या बसल्या, परिषदा झाल्या, शासनाने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यायचाही प्रयोग काही प्रांतांत करून पाहिला. वाचकाने तो हाणून पाडला. वाचकाचा डोळा जावजी-राणोजींच्या अक्षरांवर घडला होता. समितीच्या ठरावाने तो बदलणार नव्हता.

या सगळ्या धडपडीचा अभ्यासू हिशेब हवा असेल तर बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ पाहावा. १९७१ साली भाषा संचालनालयाने तीन खंडांत काढला. लेखक स्वतः सरकारी मुद्रणालयात काम केलेले, त्यामुळे पुस्तकाला शिशाचा वास आहे. मराठी माणसाने मराठी अक्षरावर केलेले एवढे मोठे काम इंग्रजीत आहे याची खंत करायची की निदान झाले याचा आनंद मानायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी आनंदवाल्यांपैकी आहे.

मग शिसे गेले. पंधरा-वीस वर्षांच्या आत जिल्ह्याजिल्ह्यांतले छापखाने बदलले, केसी भंगारात गेल्या, खिळे किलोवर विकले गेले. मातृकाही गेल्या, आणि त्याचे दुःख जास्त आहे, कारण श्रीरामपूरच्या आगीतून वाचलेली वस्तू तीच होती. संगणकावरच्या पहिल्या पिढीच्या मराठी फाँटांच्या काळाबद्दल मी फार बोलणार नाही. ज्यांनी एका फाँटातला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडून पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही ते सुखी आहेत. युनिकोड आले आणि अक्षराला कायमचा क्रमांक मिळाला. विंडोजबरोबर आलेला, सरकारी परिपत्रकांतून आपल्या रोजच्या नजरेतला ‘मंगल’ हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात मुरलेले. राणोजींची कानस त्यांच्या हातात माऊस होऊन आली होती, एवढाच फरक.

आणि सहाशेचे काय झाले? गंमत अशी की ते परत आले. टिळकांनी काढून टाकलेली चिन्हे, जोडाक्षरे, रफार-अनुस्वारांच्या जोड्या आजचा फाँट बनवणारा एकेक करून पुन्हा घालतो. यंत्राला आता केस भरायची नसते, म्हणून कितीही चालतात. चांगल्या देवनागरी फाँटात शेकड्यांनी आकृत्या असतात. स्टीफन्सचा अंदाज कमीच पडला म्हणायचा. काटकसरीसाठी लिपी मोडायची गरज नव्हती, यंत्र सुधारेपर्यंत थांबायचे होते. हे आज म्हणणे सोपे आहे. १९०४ मध्ये दर आठवड्याला पेपर काढणाऱ्याला थांबता येत नसते.

मराठीच्या दोन खास गरजा मात्र युनिकोडमध्ये वेगळ्या भागवाव्या लागल्या. एक, ‘दऱ्या’मधला अर्धा र, जो ‘दर्या’मधल्या रफारापेक्षा वेगळा. सह्याद्रीतल्या माणसाला समुद्र आणि दरी यांत गोंधळ परवडत नाही. त्याची तजवीज सुरुवातीपासून आहे. दुसरा ‘ॲ’. ‘ॲसिड’, ‘ॲडमिशन’ मराठीत कित्येक दशके लिहिले जात होते, पण या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी अ काढून त्यावर चंद्र ठेवावा लागे, आणि कधी तो चंद्र शेजारच्या घरात जाऊन बसे.

शेवटी पुन्हा मोडी. युनिकोडमध्ये तिला २०१४ साली जागा मिळाली. अंशुमान पांडे यांनी त्यासाठी प्रस्ताव केला होता. पण मोडीचा खरा प्रश्न छापण्याचा नाही, वाचण्याचा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारी माणसे त्या मानाने मूठभर. अलीकडची बातमी अशी, की २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांवर प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संग्रह तयार केला. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी तिन्ही वळणे त्यात आहेत. संगणकाला मोडी वाचायला शिकवायची, असा तो उद्योग. त्यातली मेख बघा: संगणक शिकणार कशावरून? आधी माणसाने वाचून दिलेल्या पानांवरून. जाणकाराने ओळ न् ओळ लावून दिल्याशिवाय यंत्राला एक काना कळत नाही. दोन हजार पाने म्हणजे या ढिगाचा एक कोपरा. बाकीच्यांसाठी वाचणारे हवेत, आणि आजचे बहुतेक जाणकार निवृत्तीच्या पलीकडचे आहेत.

मघाशी चहा घेताना अध्यक्षांनी सांगितले की दिवाळीनंतर या ग्रंथालयात मोडीचा वर्ग सुरू करायचा विचार आहे आणि पंधरा नावे आली तरच तो निघेल. कागद दाराशी टेबलावर ठेवला आहे. आता काही प्रश्न असतील तर घेऊ.